रणांगणावर आपण कोणाचे?



बाहेरगावचे पाहुणे आले की आपण वसईकर त्यांना हटकून किल्ल्यात नेतो. पडक्या चर्चच्या भिंती दाखवतो, फोटो काढतो आणि परतताना सोबत सुकेळी बांधून देतो. मागे धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्हीही गेलो होतो. सेंट सेबॅस्टियन बुरुजाशी बसून वेढ्याची हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, "फादर, मग आपण कोणाच्या बाजूचे? मराठ्यांच्या की पोर्तुगीजांच्या?" बाकीची मुले हसली, पण उत्तरासाठी सगळीच थांबली. "आपण भारतीय," एवढे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. म्हणून आज त्या प्रश्नाकडे परत येत आहोत.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या अमलात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड पूजेवर बंधने आली. हे आपल्याला ऐकायला जड जाते, पण ते खरे आहे. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या इथल्याच लोकांनी पेशव्यांकडे दाद मागितली. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. शेवटच्या हल्ल्यात तटाखाली सुरुंग पेरले होते. त्यांतला एक वेळेवर उडाला नाही. मराठे सैनिक खिंडारात चढले आणि नेमका तेव्हाच तो उडाला. ग्रँट डफ या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे पोर्तुगीजांकडील ८०० माणसे मेली वा जखमी झाली, तर मराठ्यांनी आपली हानी ५,००० हून अधिक असल्याचे मान्य केले. तहात किल्ला सोडणाऱ्यांना शस्त्रांसह बाहेर जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. म्हणजे आपले जे पूर्वज इथेच राहिले, त्यांच्या प्रार्थनेला जिंकणाऱ्यांनीच शब्द दिला होता.

अशा जागी गेल्यावर आपल्या मनात दोन मोह येतात. पहिला मोह हळहळीचा. आपलेच राज्य गेले, आपलीच चर्चे पडली, असे वाटते. वसईच्या चर्चमधली घंटा आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे हे ऐकून कोणी खंतावतो. दुसरा मोह भीतीचा. आपल्या निष्ठेवर कोणी शंका घेऊ नये म्हणून आपण विजयाच्या टाळ्या इतरांहून मोठ्याने वाजवतो. दोन्हींत दोष एकच आहे. दोन्ही वेळा मेलेल्यांपैकी निम्मी माणसे आपण हिशेबाबाहेर ठेवतो.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. लढाईचे कारण न्याय्य होते का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर अभ्यासाने शोधावे आणि ते आपल्याला गैरसोयीचे असले तरी स्वीकारावे. मेलेल्यांसाठी शोक कोणी करावा, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. कोणी म्हणेल, "फादर, मग अन्याय करणारा आणि सोसणारा सारखेच का?" नाही. अन्यायाला अन्यायच म्हणायचे. पण सुरुंगाखाली गाडला गेलेला शिपाई आणि तटावर पडलेला शिपाई यांच्यासाठी रडायला निकालपत्र लागत नाही. न्याय्य युद्धाचेसुद्धा शहाण्या माणसाला दुःखच वाटले पाहिजे, असे संत अगस्तीन यांनी शिकवले आहे.

ही गोष्ट इटलीतल्या एका गावच्या बायकांना पुस्तक न वाचताही कळली होती. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांचे सैन्य ऑस्ट्रियाच्या सैन्याशी लढले. हेन्री ड्यूनान्ट हा स्विस व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाला भेटायला तिकडे आला होता. जवळच्या कास्तिलियोने गावातील चर्च जखमींनी भरून गेले होते. गावच्या बायका शत्रूपक्षाच्या जखमींनाही पाणी पाजत होत्या, त्यांच्या जखमा बांधत होत्या. सगळे भाऊच आहेत, असे त्या म्हणत. ड्यूनान्ट आपले काम बाजूला ठेवून त्यांच्यात मिसळला. पुढे १८६३ मध्ये त्यातूनच रेडक्रॉसचा जन्म झाला. आज सोल्फेरिनोच्या एका चर्चमध्ये दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवलेल्या आहेत. कोणती कोणाची, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही.

ड्यूनान्टला जखमींचे हात धरता आले. आपण वसईच्या बुरुजाशी पावणेतीनशेहून अधिक वर्षे उशिरा पोचतो. आपल्या हाती पाहणे, खरे बोलणे आणि प्रार्थना करणे एवढेच उरते. पण हे तिन्ही आपण करतो का? लग्नाआधीचे फोटो काढायला किल्ल्यात जरूर जा. मुलांना सहलीला न्या. त्यात पाप नाही. फक्त निघण्यापूर्वी दोन मिनिटे बुरुजाजवळ थांबा. मुलांना दोन्हीकडचे आकडे सांगा. आपल्या धर्माच्या लोकांकडून काय चुकले तेही सांगा. मग दोन्हीकडच्या मृतांसाठी प्रभूची प्रार्थना म्हणा. २ नोव्हेंबरला आपण आपल्या घरच्या मृतांची नावे मिस्साला देतो. यंदा ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, अशा या सैनिकांसाठीही आपण मिस्सा अर्पण करू.

त्या मुलाला आज आम्ही एवढेच सांगू: बाळा, अन्याय कोणाचा होता हे वाचून, विचारून ठरव. तो आपल्यांचा असला तरी तसे म्हणायला कचरू नकोस. पण मेलेल्यांमध्ये बाजू निवडू नकोस. प्रभू त्या सर्वांना चिरशांती देवो.

तुमचे धर्मगुरू