मुक्या जिवाची मात्रा

मांजरालाही मधुमेह होतो आणि त्यालाही माणसासारखेच इन्शुलिन टोचावे लागते, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. उंदरांसाठी पाळलेल्या जनावराचे एवढे चोचले कशाला, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शेजारचा माणूस औषधावाचून राहात असेल तर पैसा आधी तिकडे गेला पाहिजे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु एकदा मांजरावर उपचार करण्याचे ठरले, की त्याहून अवघड प्रश्न पुढे उभा राहतो : इन्शुलिन द्यायचे किती?

चार-पाच किलोच्या मांजराला पशुवैद्य बहुधा दिवसातून दोनदा एकेक युनिट सुरू करतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिटे असतात. म्हणजे एक युनिट एका थेंबाहूनही कमी. काही इन्शुलिने १०० युनिटांची असतात आणि त्यांची सिरिंजही वेगळी असते. १०० चे औषध ४० च्या सिरिंजेत त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट औषध अंगात जाते. येथवरचे काम केवळ निगुतीचे आहे. खरी कसोटी पुढेच लागते.

समजा, रक्तातील साखर ४०० होती; चार दिवसांनी ती ३५० वर आली. मांजर घटाघटा पाणी पिते आहे, अंगाने झडते आहे. घरच्यांचा जीव खालीवर होतो. मग उद्या दोन युनिटे, परवा तीन का देऊ नयेत? पशुवैद्य म्हणतात, थांबा. एखाद्या मात्रेशी शरीर जुळायला काही दिवस जावे लागतात. तेव्हा आठवडाभर तीच मात्रा ठेवावी, आणि नंतर वाढवायचीच तर अर्ध्या किंवा एका युनिटाने. दरम्यान एखादे दिवशी दर दोन तासांनी कानाच्या कडेचा थेंब घेऊन साखर मोजावी आणि दिवसातला सर्वांत खालचा आकडा पाहावा. तो साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असला म्हणजे मात्रा जमली. हे मोजमाप शक्यतो घरीच करावे, कारण दवाखान्यात आणलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. समोरच्या आकड्यात आजार किती आणि आपण दिलेले भय किती, हे मग कळेनासे होते.

साखर चढलेली राहिली तर शरीर बहुधा दिवसांनी, आठवड्यांनी खंगते. ती फार उतरली तर काही तासांतच मांजर झोकांड्या खाते, त्याला झटके येतात, ते बेशुद्ध पडते. हिरड्यांना मध चोळून तसेच पशुवैद्याकडे धावावे लागते. म्हणूनच घाईची दया धोक्याची. आम्हांस वाटते, अशा घाईत आपण पुष्कळदा त्या जनावराच्या दुखण्यावर नव्हे, तर स्वतःच्या अस्वस्थतेवर औषध देत असतो. आकडा उतरला की आपल्याला बरे वाटणार असते!

मात्र याचा अर्थ हात राखून बसावे असा नव्हे. चुकीचे खापर आपल्या माथी नको म्हणून महिनोन्‌महिने एकाच अपुऱ्या मात्रेवर राहणे, याला धीर म्हणता येणार नाही. आणि मात्रा खालीही आणावी लागते. लवकर उपचार मिळाले, आहारातले पिष्ट कमी केले, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज उतरत जाते, क्वचित संपतेही. कालपर्यंत ज्या मात्रेने तारले, तीच मग मारक ठरते. मांजराने खाणे टाकले, तर त्या दिवशी नेहमीची मात्रा डोळे मिटून देता येत नाही. पशुवैद्याला विचारावेच लागते.

आपल्या आज्या बाळगुटी उगाळीत, तेव्हा वेखंडाचा वेढा किती, हिरड्याचा किती, हे काही पुस्तकात पाहात नसत. एकाने आरंभ करायचा, बाळाची झोप, पोट, रडणे न्याहाळायचे, मग वेढा वाढवायचा. तेही बोलत नसे.

चोचल्यांविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध घेतला तो कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम टोचले गेले. पहिला अर्क अशुद्ध निघाला, तो शुद्ध केल्यावर मुलाला उतार पडला. त्यानंतर सुमारे ६० वर्षे माणसांचे इन्शुलिन मुख्यतः गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून येत होते. कुत्र्यांना, गुरांना कोणी विचारले नव्हते. आज एका मांजराकडे औषध परत जात असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणताना आमची जीभ थोडी अडखळते.

आमच्या परिचयाच्या एका घरी आजी आणि बोका दोघेही मधुमेही आहेत. दोघांचे आकडे स्वयंपाकघरातील एकाच कॅलेंडरवर लिहिले जातात. चक्कर आली की आजी हाक मारतात. बोक्यासाठी घरातले कोणीतरी सुई दिल्यानंतरचे काही तास त्याच्या चालीवर नजर ठेवून असते. तीन आठवड्यांत तो एकावरून दीड युनिटावर आला आहे. पुढचे मोजमाप शनिवारी.