आधी बसू दे

गळीत हंगाम तोंडावर आला, की मांडवगण फराट्याच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. परवा तिथं एका जुन्या दहाचाकी ट्रकच्या इंजिनाचं हेड खोललेलं पाहिलं. मागच्या हंगामात दोनदा हेडखालचं पॅकिंग उडालं होतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे, मागं पांढरा धूर, आणि गाडी उसासकट रस्त्याच्या कडेला. या वेळी मालकानं ठरवलं होतं, हेडचे बोल्ट काढून दोन्ही टोकांना आटे असलेले स्टड टाकायचे.

सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन, सलग एकच हेड, 26 बोल्ट. सिलिंडरचा व्यास 102 मिलिमीटर. आत डिझेल पेटलं की तळहाताएवढ्या त्या जागेवर सुमारे 10 टनांचा धक्का बसतो. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस मावतो, अशा चार-पाच गाड्यांचं वजन म्हणा. इंजिन 1,500 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 750 वेळा. हेड उचलू पाहणारा हा जोर त्या बोल्टांनी दाबून धरायचा.

बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या आट्यांत घासत फिरतो आणि त्याच दमात ताणलाही जातो. पीळ आणि ओढ एकदमच. दर खोलण्या-बसवण्याला ब्लॉकचे आटे झिजतात ते वेगळंच. स्टडचं तसं नाही. गॅरेजच्या मिस्त्रींनी ब्लॉकच्या भोकांतलं तेल, गंज, कचरा काढून आटे कोरडे केले आणि एकेक स्टड नुसत्या बोटांनी फिरवत खाली नेला. पाना लावलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला आधी बसू द्या, गुरुजी. ओढ नंतर." मग हेड ठेवलं, वरून बारीक आट्यांचे नट आले, आणि मधून सुरुवात करून कडेला जात, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पाना फिरला. पीळ कमी, ओढ सरळ, सगळीकडे सारखी.

यात नवं काही नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली सुरू झाली. नदीकाठी वीज नव्हती तेव्हा पाणी उचलणाऱ्या तिच्या जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनांची हेडं स्टड-नटांवरच बसलेली असत. आणि स्टड म्हणजे जादूही नाही. हेड वाकडं असेल, फेस मारून घेतला नसेल, रेडिएटरच्या पाण्याकडे लक्ष नसेल, तर पॅकिंग पुन्हा उडणारच.

पण माझ्या मनातून तो बोटांनी फिरवलेला स्टड जात नाही. उसाची लागण केल्यावर आपण लगेच मोठी बांधणी करत नाही, मूळ धरू देतो, फुटवे येऊ देतो. माणसांच्या बाबतीत मात्र तेवढाही धीर धरत नाही. नवी सून घरात येते, नवा मास्तर शाळेत येतो, पोरगं कामाला लागतं, आणि पहिल्याच दिवशी आपण पाना लावतो. वर्गात मीही हे केलं आहे. जूनमध्ये आलेल्या मुलाला नावानं ओळखायच्या आधी त्याची वही तपासली आहे.

त्या गॅरेजात एक पोरगा आहे. तीन महिने तो फक्त भोकं साफ करत होता, आटे पुसत होता, नट मोजून ठेवत होता. आज सकाळी शाळेत जाताना पाहिलं, दुसऱ्या गाडीच्या हेडवर तो वाकला होता. टॉर्क पाना त्याच्या हातात होता आणि मिस्त्री बाजूला उभे राहून नुसते आकडे सांगत होते.