सोपा झालेला बाण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत वाढलेल्या माझ्या पिढीला दिवाणखान्याच्या भिंतीवरील सांबराची शिंगे नवीन नाहीत. आमच्याही घरी ती होती. आजोबा दरबारच्या नोकरीत होते. शिवपुरीच्या रानात शिंदे सरकारच्या शिकारी होत, तेव्हा मुक्कामाची व्यवस्था पाहायला ते जात. तेच रान पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२५ च्या मार्च महिन्यात व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. भिंतीवरची शिंगे आजोबांनी मारलेल्या जनावराची नव्हती. कोणीतरी बक्षीस म्हणून दिलेली होती. तरी आम्ही मुले शाळासोबत्यांना ते सांबर आजोबांनीच लोळवले असे छातीठोकपणे सांगत असू. न केलेल्या हिंसेचाही माणसाला अभिमान वाटू शकतो, हे आज आठवले की संकोच होतो.

हे आठवण्याचे निमित्त घडले २०२२ साली. माझा भाचा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अभियंता आहे. त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. पोहोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "मामा, धनुष्य घ्यायला जातोय. येता का?" मला वाटले, मुलासाठी खेळणे घ्यायचे असेल. पण त्याला हरणाच्या शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य घ्यायचे होते. कार्यालयातील मित्रांबरोबर तो दोन वर्षे रानात जात होता. आता स्वतःचे हत्यार हवे होते. जन्मभर शाकाहारी असलेला मी थोडा गप्प झालो, पण गेलो. कुतूहल हे तत्त्वाहून बळकट असते, हा सरकारी नोकरीतला जुना अनुभव आहे.

आपल्या मनातील धनुष्य म्हणजे वाकवलेले लाकूड आणि प्रत्यंचा. ते जितके ओढावे तितके जड होत जाते, म्हणून पूर्ण ओढलेला बाण फार वेळ धरता येत नाही. मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना अक्षापासून सरकवलेली चाके बसवून हा नियम उलटा केला. त्यांनी पेटंटसाठी १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. या रचनेत दोर ओढताना आधी पूर्ण जोर लागतो, मग चाके फिरतात आणि शेवटच्या टप्प्यावर भार एकदम उतरतो. या उताराला तिकडे 'लेट-ऑफ' म्हणतात. साठ पौंडांचे धनुष्य ऐंशी टक्के लेट-ऑफचे असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर जेमतेम बारा पौंड उरतात. हेच यंत्र आता खेळाच्या मैदानातही मानाने नांदते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे याच प्रकारात जगज्जेते झाले, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. पण मैदानातील लक्ष्य कागदाचे असते. त्याला चुकीचा बाण लागला तर गुण कमी होतात, इतकेच.

दुकानदार वृद्ध आणि मितभाषी होता. त्याने प्रथम भाच्याला दोन्ही हात पसरून उभे केले आणि बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत अंतर मोजले. ते सत्तर इंच भरले. त्याला अडीचने भागून अठ्ठावीस इंच ही त्याची ओढीची लांबी ठरली. धनुष्य माणसाच्या मापाचे असावे लागते, शिंप्याकडच्या अंगरख्यासारखे. मग वजनाचा प्रश्न आला. भाच्याला सत्तर पौंड हवे होते. दुकानदाराने त्याला खुर्चीवर बसवले आणि धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ, सावकाश ओढायला सांगितले. भाच्याचे खांदे थरथरले. "थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर जेवढे असे ओढता येईल तेवढेच तुझे," असे काहीसे म्हणून त्याने साठावर आणले. माझ्या मनात त्या म्हाताऱ्याविषयी आदर उत्पन्न झाला. माल विकणारा माणूस गिऱ्हाइकाची हौस कमी करतो, हे दृश्य विरळाच.

त्यानंतर साहित्य निघाले. बाण टेकवायचा रेस्ट, जो बाण सुटताच खाली पडून वाट मोकळी करतो. दोरात बसवायची बारीक भोकाची पीप, जिच्यातून समोरच्या साइटची पिन दिसते. थरथर शोषणारा स्टॅबिलायझर. बोटांऐवजी दोर सोडणारा रिलीज. धनुष्यालाच जोडलेला भाता. अंतर मोजणारा रेंजफाइंडर. आणि वस्तऱ्यासारख्या पात्यांची बाणाग्रे. त्या पात्यांविषयी दुकानदाराने मला समजावले, की गोळी आघाताने मारते, बाण रक्तस्रावाने. म्हणून पाते बोथट असणे ही तेथे कंजूषी नव्हे, क्रूरता होय. फुप्फुसांतून आरपार गेलेला धारदार बाण जनावराला थोड्याच क्षणांत शांत करतो. बोथट किंवा भलत्या जागी लागलेला बाण दिवसभर तडफडवतो.

साइट निवडताना मामा-भाच्यांत पहिला वाद झाला. त्याला पाच पिनांची साइट हवी होती, साठ यार्डांपर्यंतची. त्याच्या मते साधन चांगले असेल तर नेम चांगला लागतो, आणि नेम चांगला लागला तर प्राण्याला वेदना कमी होतात. म्हणजे उत्तम साधन घेणे हेच दयेचे लक्षण. युक्तिवाद लंगडा नव्हता. पण दुकानदाराने दिलेल्या आकड्यांवरून मी तेथेच हिशेब मांडला. हा बाण सेकंदाला सुमारे दोनशे ऐंशी फूट जातो, ध्वनी अकराशे फुटांच्या आसपास. वीस यार्डांवर बाणाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, चाळीसवर त्याच्या दुप्पट. दोराचा टणत्कार हरणाला बाणाच्या आधी पोहोचतो, आणि ते पळण्यासाठी क्षणार्धात अंग खाली दाबते. म्हणजे सुटताना अचूक असलेला बाण पोहोचताना चुकीचा ठरू शकतो. ही उणीव कोणत्याही पिनेने भरून निघत नाही. भाच्याने अखेर तीन पिनांची साइट घेतली.

परतताना मला दशरथ आठवला. त्याच्या शब्दवेधी विद्येत खोट नव्हती. बाण जेथून आवाज आला तेथेच लागला. चुकले ते एवढेच, की पाण्यात घागर बुडवणारा कोण हे पाहण्याची गरज त्याला वाटली नाही. ज्याला न पाहता मारता येते तो पाहायचे सोडून देतो. कौशल्याचा हाच खरा शाप आहे. पंडूची कथा तर अधिक सूक्ष्म आहे. मृगरूपातील किंदम ऋषीला त्याने संगमाच्या क्षणी मारले. पंडूचा बचाव असा, की मृगया हा राजांचा धर्मच आहे. त्यावर मरणारा ऋषी, मृग मारल्याबद्दल दोष देत नाही. थोडा वेळ थांबला नाहीस, याबद्दल दोष देतो. परवानगीचा प्रश्न आणि क्षणाचा प्रश्न निराळे आहेत, हे महाभारतकारांनी येथे किती स्पष्ट केले आहे! परवाना खिशात असलेला माणूसही अपराधी असू शकतो.

येथे वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल की मुळात मारायचेच कशाला? माझ्याही मनात आले आणि मी भाच्याला विचारले. त्याचे म्हणणे असे, की तो मांस खातो. बाजारातले वेष्टणातील मांसही कोणीतरी मारलेलेच असते, फक्त मारणारा हात दिसत नाही. शिवाय त्या प्रदेशात हरणांना खाणारी मोठी श्वापदे कमी झाली आहेत आणि हरणे वाढली की रानातील कोवळी रोपे उरत नाहीत. १९३७ च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुकांवर व काडतुसांवर बसवलेला कर तेथे वन्यजीवांच्या जतनासाठीच खर्च होतो. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्यात आले. आपल्याकडे त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आपण शिकारीला मनाईची वाट धरली. आपल्या रानांची अवस्था पाहता ती वाट योग्यच होती, असे माझे आजही मत आहे. पण म्हणून आपण निर्दोष आहोत असे मात्र मला म्हणवत नाही. माझ्या ताटातल्या ज्वारीची राखण करताना किती रानडुकरे आणि नीलगाई मेल्या, हे मी कधी कोणाला विचारले नाही.

मग प्रश्न साधनाचा उरतो. कोणते साधन घ्यावे, कोणते नाकारावे? त्या दोन महिन्यांत मला एक कसोटी सुचली. जे साधन माणसाचा हात लांब करते, त्याविषयी सावध असावे. जे साधन निर्णयाचा क्षण लांब करते, ते स्वीकारावे. रेंजफाइंडर 'अंतर जास्त आहे, थांब' असे सांगतो तेव्हा तो विवेकाचा सोबती असतो. तोच 'इतक्या दुरूनही जमेल' म्हणू लागला की मोहाचा दलाल होतो. वस्तू तीच, भूमिका निराळी. विस्कॉन्सिनमध्येच अध्यापन करणारे आणि स्वतः धनुष्ये घडवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी, १९४९ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, एक मार्मिक मुद्दा मांडला आहे: शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात, त्यामुळे त्याचा पंच त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धीच. फायलीवर एकट्याने शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला हे निराळे समजावण्याची गरज नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी भाच्याबरोबर रानातल्या तंबूवजा आडोशात बसलो. अंधार पडायला अर्धा तास असताना एक हरीण आले आणि पंचवीस यार्डांवर तोंड आमच्याकडे करून उभे राहिले. भाच्याने दोर ओढला. समोरून मारलेला बाण हाडात अडकण्याची भीती असते, म्हणून ते आडवे वळण्याची तो वाट पाहू लागला. पाऊण मिनिट तरी गेले असेल. जुन्या धनुष्याने इतके थांबता आले नसते. हात थकला म्हणून बाण सुटला असता. हरीण वळले नाही. भाच्याने दोर हळूहळू परत सोडला. त्या वेळी चाके उलटी फिरतात आणि उतरलेला सारा भार पुन्हा एकदम हातावर येतो. त्याच्या मानेच्या शिरा मला त्या अंधुक उजेडात दिसल्या. माघार घेण्यास धरून ठेवण्याहून अधिक बळ लागते, हे मी अनेक व्याख्यानांत ऐकले होते. पाहिले त्या दिवशी.

लेख येथे संपवला असता तर तो सुबक झाला असता. पण नोव्हेंबरात, मी ग्वाल्हेरला परतल्यावर, एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. आदल्या दिवशी बावीस यार्डांवरून आडव्या उभ्या हरणावर त्याने बाण सोडला होता. आवाजासरशी हरीण दबले आणि बाण वर, भलतीकडे लागला. मध्यरात्रीपर्यंत तो रक्ताचे थेंब शोधत फिरला. पहाटे सापडले तेव्हा कोल्ह्यांनी त्याचा अर्धा भाग खाल्ला होता. "मामा, मी सगळे बरोबर केले होते," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कोणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला मी झाबुआ जिल्ह्यातील एका तहसिलीत नायब तहसीलदार होतो. एके दिवशी वनरक्षकांनी एका भिल्लाला पकडून कचेरीत आणले. जवळ बांबूचे धनुष्य, त्याला बांबूच्याच चोयटीची दोरी, दोन बाण आणि एक मेलेला ससा. मी दुभाष्यामार्फत विचारले, शिपाई येताना दिसले तरी पळाला का नाहीस? तो म्हणाला, ससा झुडपात जखमी पडला होता. त्याला तसाच टाकून कसा जाऊ? तो शोधत राहिला म्हणून सापडला. पंचनामा झाला. त्यात धनुष्याची लांबी आली, बाणांची संख्या आली, सशाचे वर्णन आले. त्याचे ते वाक्य आले नाही. कागदात त्यासाठी रकाना नव्हता, आणि मीही तो केला नाही. खाली सही माझी आहे. त्याच भागात रात्री जीपगाड्या घेऊन बंदुकीने शिकार करणाऱ्यांविषयी सारे ऐकून होते. त्यांचा पंचनामा माझ्या टेबलावर कधी आला नाही. ते काही शोधत थांबत नसत.

गोष्ट ऐकून भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "पुढच्या वर्षी जाऊ की नको?" मी त्याला 'नको' म्हटले नाही, 'जा'ही म्हटले नाही. एवढेच सांगितले, की उत्तम धनुष्याने चूक कमी होते, चुकीचे ओझे कमी होत नाही. आणि ते ओझे उचलून रात्रभर फिरण्याची तयारी नसेल त्याने दोराला हात लावू नये. पुढील वर्षी तो गेला. साइटवरच्या दोन पिना काढून, एकच ठेवून.

भिंतीवरची शिंगे मी गेल्या दिवाळीत उतरवली. नातवाने विचारले, आजोबा, हे कोणी मारले? मी म्हटले, ठाऊक नाही. आमच्या घरात त्या शिंगांविषयी इतक्या वर्षांत बोलले गेलेले ते पहिले खरे वाक्य असावे.