स्तवनाचे प्रयोजन

सर्वज्ञ परमेश्वरास मानवी स्तुतीची गरज ती काय, आणि दरबारी भाटाप्रमाणे त्याची थोरवी गाऊन कोणती सनद पदरात पडणार, असा आक्षेप ख्रिस्ती उपासनेवर घेणाऱ्याने बायबलातील १५० स्तोत्रांचा प्राचीन संग्रह एकवार मन लावून वाचावा. कारण जयजयकाराच्या स्तोत्रांशेजारीच, देवाने आपणांस टाकिले असा आक्रोश करणारी स्तोत्रेही तेथे आहेत, आणि ख्रिस्ती मंडळी आपल्या उपासनेत दोन्ही गात आली आहे. खुशामतखोर धन्याच्या तोंडावर कधी फिर्याद मांडीत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हेच स्तवन अभंगात व कीर्तनात आणिले, तेव्हा, माझ्या मते, विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांच्या भक्तीने त्यांची वाणी आधीच सिद्ध केली होती.