वीस वॉट आणि एक ‘चालेल’

गेल्या वर्षी दोन महिन्यांचा पगार घालून मी ट्यूब ॲम्प घेतला. आईला किंमत निम्मी सांगितली आहे, त्यामुळे इथेही आकडा लिहीत नाही. खोका टॅक्सीतून मुलुंड पूर्वेला आणला, वॉचमनने लिफ्टपर्यंत हात लावला. त्या रात्री मी एक सूरही वाजवला नाही. नुसता स्विच टाकून बसलो. मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होत जातात, ते बघत.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या ॲम्पमध्ये तीन स्वभाव आहेत. एक अमेरिकन फेंडरसारखा स्वच्छ, काचेसारखा. दुसरा ब्रिटिश, कडा खरखरीत असलेला. तिसरा लांबलचक सूर धरून ठेवणारा. इतकी वर्षं मी यासाठी तीन पेडल आणि एक ॲप वापरत होतो. पण खरी गंमत स्विचमध्ये नाही, बोटांत आहे. हळू छेडलं तर आवाज साफ येतो, जोरात मारलं तर गुरगुरतो. ट्यूबवर ताण वाढत गेला की ती आवाजाची टोकं एकदम छाटत नाही, जरा दाबून गोल करते. इंजिनिअर लोकांच्या दृष्टीने हा दोषच होता. गिटारवाल्यांनी त्यालाच सौंदर्य ठरवलं.

आता अडचण. हा ताण आणायचा तर ॲम्प मोठ्याने वाजवावा लागतो. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्या बासमनवरून पहिला मार्शल तयार झाला, आणि काही वर्षांत शंभर वॉटचे ॲम्प आले. तेव्हा हॉलच्या स्पीकरांवर गिटार जात नसे, शेवटच्या रांगेपर्यंत ॲम्पनेच पोचायचं होतं. म्हणजे जो टोन मला हवा आहे तो जन्माला आला भरलेल्या हॉलसाठी, आणि मला तो हवाय दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये, जिच्या एका भिंतीपलीकडे काका-काकूंचं देवघर आहे.

आजकालच्या ॲम्पवर यावर उपाय म्हणून एक बटण असतं. माझ्यावरही आहे: वीस वॉट, पाच वॉट, एक वॉट. घेताना मी स्वतःला सांगितलं की हे बटण म्हणजे माझी सज्जनता. नंतर गणित केलं. गिटारचा स्पीकर एका वॉटवर एका मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. वॉट दहापट कमी केले तर कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. वीसचे एक केले म्हणजे फक्त १३ डेसिबल उतरले. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंत थोडं अडवते हे खरं, पण खालचे सूर स्लॅबमधून आरामात जातात. एकूण माझी सज्जनता बटणात मावत नव्हती.

म्हणून मी शेजारी गेलो. खूप संस्कारी पद्धतीने, पेढे घेऊन. “काका, रोज चार-साडेचारला तासभर गिटार वाजवली तर चालेल ना?” मी घरून काम करतो, तेव्हाच वेळ मिळतो. काका म्हणाले, “चालेल की! तरुण पोरांनी वाजवायचंच.” काकूंनी चहा केला. मी परवानगी खिशात घालून घरी आलो.

तीन महिने वाजवलं. मग एकदा वॉचमन सहज बोलून गेला की काका हल्ली रोज चार वाजता खाली येऊन बाकावर बसतात, पाच-साडेपाचला वर जातात, उन्हाळ्यातसुद्धा. काकांची बायपास झालेली आहे. दुपारी त्यांना झोप हवी असते, हे मला माहीत होतं.

आता माझा प्रश्न असा की मला परवानगी होती की नव्हती? शब्द तर दिला होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण आपल्याकडे ‘भीड’ नावाची एक गोष्ट आहे, आणि ती जबरदस्तीपेक्षा फार वेगळी नाही. पेढे घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजारच्या पोराला नाही म्हणायला काकांना किती बळ लागलं असतं? आणि माझं वाक्य बघा. ‘चालेल का?’ नाही, ‘चालेल ना?’ त्या ‘ना’मध्ये उत्तर मीच भरून नेलं होतं.

माझ्याकडे बचाव भरपूर होते. गणपतीत डीजे चालतो, तेव्हा कोण कोणाला विचारतं? सणासुदीला वर्षातले काही दिवस रात्री बारापर्यंत सरकारच सूट देतं. कोणी पहाटे रियाज केला तर आपण कौतुकाने सांगतो की आमच्या मजल्यावर गाणं आहे. मग माझी गिटार म्हणजे गोंगाट का? या तक्रारीत थोडं तथ्य आहे. कोणता आवाज कला आणि कोणता उपद्रव, हे ठरवताना आपण डेसिबलच नाही, प्रतिष्ठाही मोजतो. पण हा मुद्दा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायला ठीक आहे. बाकावर बसलेल्या माणसापुढे तो मांडता येत नाही. मोठ्या मैदानावर हाच प्रश्न सोपा होतो. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक गाजायचं. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणून ती जागा शांतता क्षेत्रात धरली गेली आणि तिथले कार्यक्रम थांबले. आम्हा रॉकवाल्यांना वाईट वाटलं, तरी तिथे निदान नियम होता. दोन फ्लॅटच्या मध्ये नियम येत नाही, फक्त भीड येते.

हेडफोन का नाही, असं तुम्ही विचाराल. लावतो. लोडबॉक्स घेतला आहे, टोन जवळजवळ तोच येतो. पण हवा हलत नाही, छातीला काही लागत नाही, आणि मला तेच हवं असतं. हे लिहिताना लाज वाटते, कारण मला जे छातीला लागायला हवं आहे, तेच काकांच्या छातीला नको आहे.

शेवटी पुन्हा गेलो, पेढे न नेता. या वेळी विचारलं, “काका, दिवसातली कुठली वेळ तुम्हाला अजिबात नको?” एका क्षणात उत्तर आलं, “तीन ते साडेपाच.” तीन महिने हे उत्तर तयारच होतं, मी प्रश्न चुकीचा विचारत होतो. मग ते म्हणाले, “बघू तरी काय आणलंयस.” ॲम्पच्या मागे वाकून बघितलं आणि हसले, “अरे, हे तर आमच्या रेडिओतले वॉल्व्ह!” चूक नव्हती. माझ्या ॲम्पमधली ईएल८४ ही ट्यूब त्या काळच्या पुष्कळ रेडिओंमध्ये असायची. आपल्याकडे बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्सही वॉल्व्ह बनवत असे. काका सांगत होते की रेडिओ लावला की तापायला वेळ लागायचा, तोवर बातम्यांचं पहिलं वाक्य निघून जायचं. आणि हो, आवाज जरा वाढवला की त्यांचे शेजारी भिंतीवर थाप मारायचे.

“मग तुम्ही काय करायचात?”

“कमी करायचो. लगेच नाही, गाणं संपल्यावर.”

सध्या मी शनिवारी सकाळी अकराला अर्धा तास पाच वॉटवर वाजवतो. बाकीचं हेडफोनवर, आणि महिन्यातून एकदा अंधेरीच्या जॅमपॅडमध्ये पूर्ण वीस. काका शनिवारी घरीच असतात. आवडतं का, हे मी विचारलेलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब राहायला आलं. त्यांच्या बाल्कनीत लंगोट वाळत असतात. मी अजून त्यांची बेल वाजवलेली नाही.