जिमच्या अर्जातला रकाना आणि सत्याचा अधिकार

जिममध्ये नाव नोंदवताना प्रकृतीची जी माहिती विचारली जाते, तिच्यात मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी लिहिताना सहसा कोणाचा हात अडत नाही. पण नैराश्य, चिंताविकार किंवा द्विध्रुवी विकार, म्हणजे अतिउत्साह आणि खोल नैराश्य यांचे आलटून पालटून येणारे कालखंड असलेला आजार, यांचा उल्लेख करायची वेळ आली की तोच हात थबकतो. वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे, अशा आशयाचे प्रतिज्ञापन अर्जाच्या तळाशी असेल, तर हा प्रश्न निव्वळ संकोचाचा उरत नाही. न सांगणे हे असत्य ठरते काय, आणि सत्य सांगण्याचे कर्तव्य नेमके कोणाप्रती असते, असा तो धर्मविचाराचा प्रश्न होतो.

या प्रश्नाची धारदार मांडणी महाभारताच्या कर्णपर्वात आढळते. गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची प्रतिज्ञा पाळण्यासाठी अर्जुन साक्षात युधिष्ठिरावर खड्ग उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा सांगतो. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या या कौशिकाने रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारताच सांगून टाकला, ती माणसे मारली गेली आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. कथेइतकाच तिच्या जोडीने येणारा नियम महत्त्वाचा आहे: न बोलण्याने सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये, पण बोलणे भागच पडले किंवा मौनानेच संशय येऊ लागला, तर तेथे असत्य श्रेयस्कर. अर्जातला कोरा रकाना या दुसऱ्या अवस्थेत मोडतो, कारण छापील प्रश्नापुढे काही न लिहिणे हेही एक उत्तरच समजले जाते.

तरीही एवढ्या आधारावर ‘नाही’पुढे खूण करून मोकळे होणे घाईचे ठरेल. कथेत विचारणाऱ्यांचा हेतू घातक आहे आणि जीव जातो तो तिसऱ्याचा. जिममधला ट्रेनर दरोडेखोर नसतो, आणि खोट्या उत्तराने अपाय झालाच तर तो बहुधा उत्तर देणाऱ्यालाच होतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात वाणीच्या सत्यतेला भूतमात्रांच्या हिताची कसोटी लावली आहे, आणि त्या भूतमात्रांत बोलणारा स्वतःही येतो, हे भाष्य वाचताना सहज निसटते. युरोपात बेंजामिन कॉन्स्टंटने १७९७ साली असे प्रतिपादन केले की, ज्याला सत्यावर अधिकार आहे त्याच्यापुरतेच सत्य सांगण्याचे कर्तव्य असते. इमॅन्युएल कांटने त्याच वर्षी ते खोडून काढले आणि दारात खुनी उभा असला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, अशी भूमिका घेतली. कांटची निष्ठा मान्य केली तरी खरे बोलताना किती बोलावे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. येथे कॉन्स्टंटची कल्पना अधिक कामाची आहे, मात्र ती थोडी आवळून घ्यावी लागते: ज्या माहितीवाचून विचारणाऱ्याला त्याचे काम नीट करता येत नाही, तेवढ्याच माहितीवर त्याचा अधिकार मानावा.

ट्रेनरचे काम शरीराला झेपेल एवढाच भार देण्याचे असते. द्विध्रुवी विकारावर दिले जाणारे लिथियम मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते. घामावाटे पाणी आणि मीठ फार गेले तर रक्तातले त्याचे प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात अशा माणसाला मध्येच थांबून पाणी पिऊ देणे हा लाड नव्हे. चिंतेतून येणाऱ्या धडधडीवर दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. अशा वेळी २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा हिशेब फसतो, आणि ट्रेडमिलच्या पडद्यावरचा छोटा आकडा पाहून ट्रेनर वेग वाढवायला सांगत असतो तेव्हा समोरच्याचा दम संपत आलेला असू शकतो. दोन्ही उदाहरणांत ट्रेनरला औषधाचा परिणाम कळणे पुरेसे आहे, निदानाचे नाव कळण्याची गरज नाही. ‘गोळीमुळे माझे ठोके वाढत नाहीत, आकड्याकडे पाहू नका’ एवढे सांगणारा माणूस काहीच लपवत नाही.

खाण्याच्या विकारांत मात्र ही विभागणी टिकत नाही. वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडणाऱ्या रुग्णाच्या हाती व्यायाम हेच आजाराचे हत्यार असते. सकाळ-संध्याकाळ येणारी, अंगात ताप असतानाही खाडा न करणारी मुलगी ट्रेनरला आदर्श वाटते आणि उतरलेल्या वजनाबद्दल तिला शाबासकी मिळते, तर इकडे पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत असतो. येथे नाव झाकून परिणाम सांगता येत नाही. पण लपवण्याची ओढ हा त्या आजाराचाच भाग असल्याने सगळे कर्तव्य रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि रोज डोळ्यांसमोर झिजणारे शरीर पाहणाऱ्यावरही त्यातला काही वाटा येतो.

तालमीत हा वाटा वस्तादाकडे असे. पोराचा दम, झोप आणि खुराक रोज त्याच्या नजरेखालून जात आणि त्यासाठी कागद लागत नसे. अर्थात मनाच्या दुखण्याला तिथे ‘मन घट्ट कर’ यापलीकडे औषध मिळालेच असते असे नाही, तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. जिमचा अर्ज मात्र ट्रेनरबरोबर काउंटरवरचा कर्मचारीही वाचू शकतो आणि ट्रेनर नोकरी सोडून गेल्यावरही तो फायलीत राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला, परंतु त्यातले गुप्ततेचे बंधन प्रामुख्याने आरोग्यव्यावसायिकांना उद्देशून आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमती ही हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी हे तत्त्व आले, पण कपाटातल्या कागदी अर्जाला त्याचा फारसा आधार नाही. अर्ज कोण वाचणार आणि किती दिवस ठेवणार, हे आधी सांगण्याचे कर्तव्य विचारणाऱ्याचे आहे. ते न पाळणाऱ्या संस्थेच्या अर्जात ‘ट्रेनरशी समक्ष बोलेन’ एवढेच लिहिले आणि प्रतिज्ञापनातला ‘पूर्ण’ हा शब्द खोडून सही केली, तर त्यात असत्य नाही आणि कर्णपर्वातल्या नियमाला भिववणारे मौनही नाही.