केमो झाली, ऑपरेशन व्हायचंय. मग उपवास धरावा का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही गुरुवारी सत्संग झाल्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आमच्याकडे आला. घरात कुणाची तरी केमो संपलीय, ऑपरेशन महिन्याभरावर आहे. तोवर गुरुचरित्राचा सप्ताह एकवेळ जेवून करावा का? पौर्णिमेला वाडीला नेऊन आणावं का? विचारणारा बहुतेक वेळा पेशंट नसतो. मुलगा असतो, जाऊबाई असते, माहेरची आक्का असते. हे मुद्दाम लिहितोय, पुढं त्याचा संबंध आहे.

आधी त्या महिन्याबद्दल. मिरज असो, हुबळी असो की मुंबईचं टाटा, केमो संपल्यावर डॉक्टर साधारण तीन ते सहा आठवडे थांबतात. आपल्याला वाटतं तारीख मिळत नाही म्हणून थांबलोय. तसं नसतं. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली आलेल्या असतात, त्या वर यायला वेळ लागतो. पेशी कमी असताना गर्दीतला साधा खोकलासुद्धा महागात पडतो, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा लागतो. म्हणून पौर्णिमेची वाडी या महिन्यात नको. दत्तमहाराज काही रुसत नाहीत. घाट तिथंच आहे, कृष्णामाई तिथंच आहे.

आता उपवास. ऑपरेशनची जखम भरते ती प्रथिनांवर. या काळात वजनाच्या प्रत्येक किलोमागं सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जावीत असं सांगतात (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साठ-पंच्याहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ. आणि आपल्या उपवासाच्या साबुदाण्यात? जवळजवळ काहीच नाही. खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटातलं. तोंड आलेलं, चव गेलेली, त्यात एकभुक्त. आठ दिवसांत कमावलेलं वजन उतरतं. शिवाय तासन् तास मांडी घालून बसणं: या आजारात आणि केमोनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून अधूनमधून उठून चालायला सांगतात.

काहीजण म्हणतील, हे डॉक्टरांचं झालं, शास्त्राचं काय? शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा मऊ आहे. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्यात. पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्या पंगतीत गुरूचा शब्द आहे आणि औषध आहे. औषध! मग ज्या अन्नानं जखम भरणार, ते या महिन्यापुरतं औषधच नव्हे का? आणि ज्याला स्वतःला झेपत नाही, त्याच्या वतीनं नवरा-बायको, मुलगा, भाऊ, बहीण यांनी व्रत करावं, अशी प्रतिनिधीची सोयही आहे. मुलगा उपवास धरू शकतो. धरत नाही तो भाग वेगळा.

आणि इथंच खरी गोष्ट आहे. उपवास कुणाला हवा असतो? पुष्कळदा आपल्याला. आजारी माणसाजवळ बसून काही करता येत नाही, हात बांधल्यासारखे होतात, मग आपली भीती आपण त्यांच्या ताटावर ठेवतो. वरून हे देवाशी सौदा केल्यासारखं होतं. त्यातलं सगळ्यात वाईट नंतर घडतं. ऑपरेशननंतर काही बिघडलं की कुणीतरी हळूच म्हणतं, “पारायण अर्धवट राहिलं होतं ना.” हे वाक्य आम्ही ऐकलंय. शरीरानं थकलेल्या माणसावर श्रद्धेचा दोष टाकणं याला आम्ही भक्ती म्हणणार नाही.

तयारी करणं म्हणजे विश्वास कमी, असंही एकानं विचारलं. तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींकडे बघा. ‘मी देह नाही’ हेच ज्यांनी आयुष्यभर सांगितलं, त्यांच्या डाव्या हातावर कर्करोगाची गाठ आली. १९४९ या एका वर्षात चार वेळा शस्त्रक्रिया झाली. चारही वेळा त्यांनी हात डॉक्टरांपुढं केला. पूर्ण हातच काढावा असं सुचवलं गेलं, तेव्हा मात्र नको म्हणाले. १४ एप्रिल १९५० ला देह ठेवला. समर्पण होतं, म्हणून उपचार नाकारले असं झालं नाही. आणि उपचार घेतले, म्हणून निर्णय दुसऱ्याच्या हाती दिला असंही नाही. आपल्या घरांत पेशंटला कोण विचारतं?

तेव्हा पेशंटनं आपलं काम करावं: डॉक्टर सांगतील तेवढं चालणं (केमोनं पायाला मुंग्या येत असतील तर कुणाचा तरी हात धरून), आणि ते तीन चेंडूंचं यंत्र. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. सगळी औषधं, काढे, भस्मं एका कागदावर लिहून भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावीत. लपवू नयेत.

आणि मशेरी. निपाणी आपल्याला जवळ. १९८१ साली ज्या तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, त्या तंबाखूवर कितीतरी घरं जगली, हे आम्हाला कळतं. पण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. व्रतच घ्यायचं तर ते हे घ्या, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्या. पेशंटसमोर डबी उघडू नका.

पारायण आम्ही करतो. मंडळातले सात जण सात दिवस वाटून घेतील, उपवास वाचणाऱ्याचा. ज्यांच्या घरी हवं असेल त्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा. सर्दी-खोकला असलेल्यानं त्या दिवशी नाव मागं घ्यावं. भेटायला येताना कुंदा नको, उकडलेली अंडी किंवा मुगाची उसळ आणलीत तर चालेल. पेशंट खाटेवरूनच ऐकतील. मधेच त्यांना झोप लागली तर वाचन थांबवू नका, आणि उठवूही नका.